मुलीच्या खोलीतली हवा

कोलकात्याला बदली झाल्यावर आम्हाला घर मिळालं ते भवानीपूरच्या एका अरुंद गल्लीत. जुन्या दुमजली इमारतीचा वरचा मजला. नवरा सरकारी बँकेत अधिकारी, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी सामान बांधायची सवय होती, पण इतकं तयार घर आम्हाला आधी कुठेच मिळालं नव्हतं. घरमालकीण खालच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ चालीच्या, जरा कडक वाटणाऱ्या बाई. अख्खी गल्ली त्यांना माशिमा म्हणायची, म्हणजे मावशी. आम्हीही तेच म्हणू लागलो.

बंगळूरला असलेला मुलगा बायको-मुलाला घेऊन परत येईल, या आशेवर माशिमांनी वरचा मजला नवा करून घेतला होता. नातवासाठी केलेली खोली तर बघत राहावी अशी होती. भिंतभर कपाट, वर माळा, खाली खण असलेला पलंग, खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल, सगळं एकाच फिक्या आकाशी रंगाचं. मुलगा मात्र आला नाही. त्याने तिकडेच घर घेतलं. मग वरचा मजला भाड्याने देणं आलं.

"नव्याचा वास येतोय अजून," मी खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाले.

"नवंच आहे ना सगळं," माशिमा हिंदीत म्हणाल्या आणि त्यांनी कपाटाच्या दारावरून हलकेच हात फिरवला.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती पलंगावर जाऊन मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ही माझी. कुणी विचारू पण नका."

इथे मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मी रसायनशास्त्र शिकले आणि मुंबईत बरीच वर्षं सुगंध तयार करणाऱ्या एका कंपनीत होते. बाटलीतल्या अत्तरांपेक्षा साबण, टाल्कम पावडर, अगरबत्ती, फरशी पुसायचं द्रावण यांना लागणारे सुगंध हे आमचं काम. त्यातही माझं काम नाकाचं. कागदाची पट्टी मिश्रणात बुडवायची, हुंगायची, काय कमी आहे, काय डोकं वर काढतंय ते सांगायचं. कोलकात्यात आल्यावर हावड्याला अशाच एका छोट्या कारखान्यात मला काम मिळालं. रोज सकाळी बसने फोर्ट विल्यमच्या कडेकडेने बाबूघाटला जायचं, तिथून लाँच धरून नदी ओलांडायची. कारखान्याचे मालक वयस्क बंगाली गृहस्थ होते. त्यांची स्वतःची नाकाची ताकद वयानुसार कमी होत चालली होती आणि ते ती गोष्ट लपवत नसत. "आता तू माझं नाक," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले.

कारखान्यातल्या आमच्या कपाटात सर्वात खोडकर बाटल्या अल्डिहाइडांच्या. हे एक भलंमोठं कुटुंब आहे. दालचिनीचा वास, व्हॅनिलाचा, कडू बदामाचा, गवती चहाचा, हे सगळे त्यातलेच. कोथिंबीर चिरताना जो हिरवा, काही लोकांना साबणासारखा वाटणारा वास येतो, तोही त्यांचाच. इथल्या लोकांचा जीव की प्राण असलेलं गंधराज लिंबू डाळीत पिळलं की जो दरवळ सुटतो, त्यात हीच मंडळी असतात. उंची अत्तरांत वापरतात ती अल्डिहाइडं नुसती हुंगली तर अंगावर येतात. गरम इस्त्री कांजीच्या कपड्यावर फिरवल्यासारखी, आत्ताच विझवलेल्या मेणबत्तीसारखी. पण गुलाब-जाईच्या जड मिश्रणात त्यांचा एखादा थेंब पडला की ते मिश्रण एकदम मोकळं होतं, श्वास घेतल्यासारखं. थेंब जास्त झाला तर अख्खी बॅच फुकट. आणि या वासांचा गुण असा की ते कपड्यांना, केसांना चिकटून घरी येतात.

मुलीला त्याची मोठी गंमत होती. मी संध्याकाळी दारात आले की ती माझ्या ओढणीत नाक खुपसायची. "आज संत्रं. आज साबण. आज... आजीच्या कपाटासारखं काहीतरी." बऱ्याचदा तिचं बरोबर यायचं. मला मनातून अभिमान वाटायचा.

खोकला सुरू झाला तो पावसाळ्यात. कोरडा, कसला कफ नाही, ताप नाही. सकाळी उठल्यावर जास्त, शाळेतून येईपर्यंत कमी, आणि झोपायच्या वेळी पुन्हा. पाठोपाठ डोळे. शाळेत बंगाली मैत्रिणी, घरी कामाला येणाऱ्या ताई बंगाली, त्यामुळे तिचं मराठी तेव्हा फार मजेशीर झालं होतं. एकदा सकाळी ती डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. "आई, माझे चोख जळतायत."

"डोळे म्हणावं, बाळा."

"डोळे जळतायत. आणि डोकं पण भारी झालंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाइल कमी करा म्हणून सांगितलं. आम्ही मोबाइल काढून घेतला. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी धुळीची अ‍ॅलर्जी असेल म्हटलं. मी पडदे काढले, गालिचा काढला, उशा बदलल्या, तिची कापसाची सगळी खेळणी पिशवीत बांधून ठेवली. ती रडली. नाशिकहून आईचा फोन आला की ती म्हणायची, "हवा मानवली नसेल गं. दमट हवा ती. इकडे पाठवून दे." नवरा म्हणायचा, "मुलांना होतं असं. नवीन गाव, नवीन शाळा." त्याचा शांतपणा एरवी मला आवडायचा. त्या दिवसांत मात्र तो समोर शांत बसला की माझं डोकं फिरायचं.

खोलीच्या खिडक्या आम्ही बंद ठेवत होतो. गल्लीत दोन-तीन घरी डेंग्यू झालेला, त्यामुळे डासांची धास्ती. शिवाय उकाडा असा की एसी लावल्याशिवाय झोपणं अशक्य. मी दिवसातून दोनदा फरशी पुसायचे, खिडकीच्या फटीला कापड लावायचे. मुलीला जपते आहे असं मला वाटत होतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसं तपासता तपासता सहज विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

"म्हणजे दिवसभर रसायनांत? आणि तेच कपडे घालून घरी?"

"हो, पण... ती सगळी सुगंधाची रसायनं आहेत. साबणात असतात तीच."

"मी काही आरोप करत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण काही मुलांची श्वासनलिका नाजूक असते. तीव्र वासांनीसुद्धा त्रास होतो. तुम्ही बघा जरा."

बघा जरा. त्या दोन शब्दांनी मला पुढचे कितीतरी आठवडे नीट जेवू दिलं नाही. दवाखान्यातून रिक्षात बसलो तेव्हा मुलगी सवयीने माझ्या अंगाला चिकटली, आणि मी नकळत जरा सरकले. तिच्या ते लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून मी घरात शिरण्याची एक पद्धतच लावली. कारखान्यातच कपडे बदलायचे, तिथले कपडे तिथेच धुऊन वाळत घालायचे. घरी आल्यावर कुणाला न शिवता थेट न्हाणीघरात. केस रोज धुवायचे. मगच मुलीला जवळ घ्यायचं. ओढणीत नाक खुपसायला ती पुढे आली की मी हात पुढे करून तिला थांबवायचे. "आधी आंघोळ, राणी. दोनच मिनिटं." पहिले काही दिवस ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची. मग तिने दारात यायचंच सोडलं. मी आले तरी ती तिच्या खोलीतून फक्त "आलीस?" म्हणायची आणि खोकायची.

खोकला काही कमी झाला नाही. एकदा तर रात्रीच्या जेवणानंतर तिला अशी धाप लागली की आम्ही तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. वाफाऱ्याचा मास्क तिच्या तोंडावर लावला होता आणि ती मास्कवरून माझ्याकडे बघत होती. इतकं करूनही माझ्याच अंगातून, माझ्याच श्वासातून काहीतरी तिच्यापर्यंत पोचतंय, असं मला वाटत होतं. हे शहाणपणाचं नव्हतं, हे कळत होतं. पण कळून उपयोग काय?

मला आणखी एक भीती होती. घरात खरंच काही वास असेल आणि तो मलाच येत नसेल तर? नाक गेलं तर नाही ना माझं?

त्याचा निकाल लागला असं मला वाटलं ते दुर्गापूजेच्या आधी. मालकांनी सणाआधी आम्हा तिघा-चौघा कर्मचाऱ्यांना त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. मी नवऱ्याला घेऊन गेले. कुणी परदेशी गिऱ्हाइकाने दिलेली वाइनची बाटली त्यांनी मोठ्या कौतुकाने बाहेर काढली. ती आधी एकदा उघडून, बूच लावून ठेवलेली होती. सगळ्यांनी घोट घेतला, छान छान म्हटलं. मी पेला नुसता नाकाशी नेला आणि थांबले.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"हिला हवा लागलीय. चिरून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येतोय."

त्यांनी पुन्हा हुंगून पाहिलं, मान हलवली. त्यांना वास येत नव्हता. पण त्यांनी मिश्रणं करणाऱ्या सहकाऱ्याला हुंगायला लावलं. तो जरा वेळाने म्हणाला, "हो, सफरचंद आहे खरं. खूप पुसट."

"अल्डिहाइड!" मालक टाळी वाजवून म्हणाले. उघड्या वाइनमधल्या अल्कोहोलचं हवेने हळूहळू अल्डिहाइड होतं, आणि प्यायल्यावर आपल्या यकृतातही आधी तेच होतं, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. एव्हाना माझ्या नवऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्याला अर्ध्या पेल्यानेही असं होतं. "हे बघा, चालतं-बोलतं प्रात्यक्षिक," मालक म्हणाले, आणि सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

घरी आल्यावर मी मुलीच्या खोलीत गेले आणि कोपरान् कोपरा हुंगला. कपाट उघडून आत डोकं घातलं. गादी, भिंत, एसीची जाळी. काही नाही. धुतलेल्या कपड्यांचा वास आणि थोडी डांबरगोळी. ज्या नाकाला पेल्यातलं पुसट सफरचंद कळतं, त्याला इथे काही सापडत नाही, म्हणजे इथे काही नाहीच. मग उरलं कोण? मीच.

पूजेच्या सुट्टीत आम्ही नाशिकला गेलो. गल्लीत मांडव पडले होते, रोषणाई लागली होती, मुलीला मैत्रिणींबरोबर देवी बघत हिंडायचं होतं, पण मी ऐकलं नाही. नाशिकला तिचा खोकला तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबला. डोळे स्वच्छ झाले. ती भावंडांबरोबर गच्चीवर धावत होती आणि मी जिन्यात बसून तिचा श्वास ऐकत होते. आई म्हणाली, "बघ, हवाच." मला मात्र एकच दिसत होतं. मी कामावर जात नव्हते आणि मुलगी बरी होती.

एका दुपारी मी नवऱ्याला सांगून टाकलं. "मी नोकरी सोडतेय. परत गेल्यावर मालकांना सांगते."

तो पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली ठेवला. "तुला हेच काम येतं. आणि आवडतं."

"तिच्यापेक्षा जास्त आवडतं का?"

"मी असं म्हटलंय का? मी म्हणतोय, आपल्याला नक्की माहीत नाही."

"नक्की कळेपर्यंत तिने खोकत राहायचं?"

त्याने पेपर पुन्हा उचलला. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

परतीची गाडी हावड्याला पोचली तेव्हा दुपार टळून गेली होती. टॅक्सीने घरी आलो. घर दोन आठवडे बंद होतं. मी कुलूप काढलं, हॉलच्या खिडक्या उघडल्या आणि मुलीची बॅग ठेवायला तिच्या खोलीचं दार ढकललं.

वास तोंडावर आदळला. अक्षरशः. नाकाच्या वरच्या टोकाला झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बेडूक ठेवलेल्या काचेच्या बरण्यांपाशी उभं राहिल्यावर यायचा तोच वास. फॉर्मलिनचा. मी बॅग तिथेच टाकली आणि दार ओढून घेतलं.

"काय झालं?" नवरा मागून धावत आला.

"तिला आत येऊ देऊ नकोस."

फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड. अल्डिहाइडांच्या त्या भल्यामोठ्या कुटुंबातलं सर्वात छोटं आणि सर्वात कडू पोर. स्वस्त लाकडी बोर्ड ज्या डिंकाने चिकटवतात त्या डिंकात ते असतं, आणि नव्या बोर्डातून महिनोन् महिने हवेत सुटत राहतं. उकाडा आणि दमट हवा असेल तर जास्तच. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. नाक एखाद्या वासात सतत राहिलं की तो वास त्याला येईनासा होतो, हेही मला माहीत होतं. कारखान्यात आम्ही दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन येतो ते त्यासाठीच. पण स्वतःच्या घरातून रोज काही तास बाहेर राहणं पुरेसं नाही, रात्रभर त्याच हवेत झोपणारं नाक पेल्यातलं सफरचंद ओळखेल आणि कपाट ओळखणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी घाईघाईने हे सगळं नवऱ्याला सांगत होते आणि तो दाराच्या फटीशी हुंगत होता. "वास येतोय खरा. पण तूच म्हणतेस ना, तुझ्या कामातली पण अल्डिहाइडंच. मग हे कशावरून कपाटाचं?"

प्रश्न बरोबर होता. मला राग आला तरी बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून एक छोटी बाटली मागून आणली. अल्डिहाइड आहे की नाही हे ओळखायला कॉलेजात वापरतात ते द्रावण. एरवी पाण्यासारखं रंगहीन, पण अल्डिहाइड भेटलं की जांभळट गुलाबी होतं. फॉर्माल्डिहाइड पाण्यात चटकन विरघळतं, म्हणून मी चार वाट्यांत शुद्ध पाणी घेतलं. एक वाटी मुलीच्या कपाटात, एक तिच्या पलंगाच्या खणात ठेवली. तिसरी एका मोठ्या झाकणाच्या डब्यात, त्या दिवशी मुद्दाम घरी आणलेल्या माझ्या कारखान्यातल्या न धुतलेल्या कपड्यांबरोबर. चौथी गच्चीवर, उघड्यावर. मुलगी हॉलमध्ये आमच्याबरोबर झोपली. सकाळी मी चारही वाट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या आणि प्रत्येकीत ते द्रावण थेंबथेंब टाकलं. गच्चीवरच्या वाटीने काही रंग बदलला नाही. कपड्यांच्या वाटीकडे मी आधी बघितलंच नाही.

"ही गुलाबी झाली," नवरा म्हणाला. "कपाटाची. आणि ही खणाची तर... बापरे."

खणाच्या वाटीत जांभळाचा रस सांडल्यासारखा रंग चढत होता.

"आणि तिसरी?"

"तिसरी तशीच आहे. पाण्यासारखी. तू बघ ना."

मी बघितलं. कपड्यांवरची माझी अल्डिहाइडं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नव्हता, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मुलगी झोपेतून उठून आली होती. "आई, तू का कांदतेस?" तिने विचारलं. रडण्याला बंगालीत कांदणं म्हणतात. नवऱ्याला हसू आवरेना. मी तिला उचलून घेतलं, आंघोळ-बिंघोळ काही न करता.

आता माशिमांना सांगायचं होतं, आणि ते मला सर्वात अवघड वाटत होतं. ती खोली त्यांनी कुणासाठी केली होती हे आम्हाला माहीत होतं. मी खाली गेले तेव्हा त्या विजयेच्या, म्हणजे दसऱ्यानंतर घरोघरी देतात त्या मिठाईची ताटली घेऊन आमच्याकडेच यायला निघाल्या होत्या. मी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"माझ्या घरात विष आहे, असं म्हणता?"

"विष नाही, माशिमा. बोर्डाचा डिंक. सुताराने बाहेरून छान लॅमिनेट लावलंय, पण आतून सगळा बोर्ड उघडा ठेवलाय. तुमची काही चूक नाही."

"तिथे माझा नातू झोपणार होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी मिठाईची ताटली माझ्या हातात दिली आणि जिना चढायला लागल्या. खोलीचं दार सकाळपासून बंद होतं. त्या आत गेल्या आणि त्यांनी स्वतःच दार मागे लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. मला वाटलं लगेच बाहेर येतील. त्या आल्या नाहीत. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, खण ओढल्याचा आला, आणि मग खोकला. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल झाले होते, आणि ते कशाने झाले होते हे मी आजही सांगू शकत नाही.

"मला हा नव्याचा वास वाटला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही येण्याआधी मी रोज येऊन दार उघडून बघायची. बरं वाटायचं."

सुतार बोलावला तो त्यांनीच. पलंगाचा खण आणि माळा काढला. कपाटाची दारं उतरवून गच्चीवर उन्हात उभी केली, तिथे ती अख्खी थंडी उभी होती. कपाटाच्या आतल्या उघड्या बोर्डाला रंगाचे दोन-तीन जाड हात दिले. खिडक्यांना डासांची जाळी बसवून त्या दिवसभर सताड उघड्या ठेवायला लागलो. मुलगी हॉलमध्ये गादी टाकून झोपायची. खोकला एकदम गेला नाही. काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा एखाद्या सकाळी तिचं खोकणं ऐकू आलं की मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसायचे. थंडीत बाहेरच्या हवेत धूर वाढला, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, यावर आम्ही नवरा-बायको रोज भांडत होतो.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, वाट्यांचे फोटोही दाखवले. त्यांनी ते लक्ष देऊन बघितले.

"शक्य आहे," त्या म्हणाल्या. "बऱ्यापैकी शक्य आहे. पण ऋतूही बदललाय, औषधंही चालू आहेत. कशाने बरं वाटलं ते मी खात्रीने नाही सांगू शकत."

"म्हणजे माझ्या कामामुळे नव्हतं ना?"

"नसावं," त्या म्हणाल्या. मला 'नव्हतं' हवं होतं. त्यांनी 'नसावं' दिलं, आणि मला त्यावरच भागवावं लागलं. नोकरी मी सोडली नाही. कपडे मात्र अजूनही कारखान्यातच बदलते.

थंडी सरता सरता मी खोलीत पुन्हा वाटी ठेवून बघितली. द्रावण टाकल्यावर पाण्याला अगदी पुसट गुलाबी छटा आली, पांढऱ्या कागदावर धरल्याशिवाय दिसणार नाही इतकी. नवरा म्हणाला झालं की मग. मी म्हणाले अजून थोडे दिवस. मुलगी हे ऐकत होती. एका रविवारी दुपारी तिने हॉलमधली स्वतःची उशी, पांघरूण आणि पुस्तकांचा गठ्ठा उचलला आणि ती सरळ खोलीकडे निघाली.

"कुठे?"

"माझ्या खोलीत. किती दिवस झाले, आई. आता मी मोठी झाले."

मी अडवायला उठले. नवऱ्याने मानेनेच नको म्हटलं. ती आत गेली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, हातात भाजी निवडायला घेतली, आणि कान तिच्या श्वासाकडे. आत पुस्तकं लावल्याचे आवाज येत होते. ती स्वतःशी काहीतरी बंगालीत बडबडत होती. बराच वेळ गेला. मग एकदम जोराचा ठसका लागला. भाजीचं ताट माझ्या मांडीवरून खाली पडलं. मी धावत आत गेले.

ती पलंगावर मांडी घालून बसली होती. डोळ्यांत पाणी, एका हातात झालमुडीचा, म्हणजे इथल्या तिखट भेळेचा, कागदी पुडा, दुसऱ्या हाताने जीभ पुसत होती.

"मिरची!" ती कशीबशी म्हणाली. "बाबांनी आणलेली. पाणी दे ना."

मी पाणी आणून दिलं. ती घटाघटा प्यायली आणि पुन्हा पुड्यात हात घातला. "जा ना आता, मी काम करतेय," ती म्हणाली. मी बरं म्हटलं, पण लगेच गेले नाही. खिडकी आणखी थोडी उघडल्यासारखं करत थोडा वेळ तिथेच रेंगाळले.